ओटा फोडण्याआधी: किचनचं बजेट नेमकं कुठे फाटतं?

आज कोड नाही, किचन.

आमचं पुण्यातलं घर जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कडप्प्याचा ओटा आणि खाली कडप्प्याचेच कप्पे. आईचे गुडघे आता वाकत नाहीत, त्यामुळे ट्रॉल्या हव्याच होत्या. बाबा रिटायर झालेत, म्हणजे खर्च माझा. मी ठरवलेला आकडा अडीच लाख.

तीन कोटेशन मागवली आणि गोंधळ तिथेच सुरू झाला. एकाचा दर रनिंग फुटाचा, दुसऱ्याचा स्क्वेअर फुटाचा, तिसऱ्याचा एकरकमी. आता तुलना कशी करणार? आमचा ओटा एल आकाराचा, एक भिंत 10 फूट, दुसरी 7. पहिल्याने सरळ 17 फूट लावले. पण ओटा 2 फूट रुंद आहे, म्हणजे कोपरा दोनदा मोजला गेला. डबल काउंटिंग, आपला जुना बग! खरे फूट 15. फुटाला 4,500 धरले तर 9,000 रुपये उगाच गेले असते. दुसऱ्याचा 1,600 चा दर स्वस्त वाटला, पण तो फक्त समोरच्या बाजूचं माप धरत होता. ट्रॉल्या, चॅनल, बिजागऱ्या सगळं वेगळं. म्हणून "किती होतील?" च्या आधी "यात काय काय नाही?" हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

प्लायचंही तसंच. "वॉटरप्रूफ आहे साहेब" यावर जाऊ नका, शिक्का बघा. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय. एमआर ग्रेड दमट हवा सोसते, पण सिंकखालच्या गळतीत फुगते. सगळीकडे महाग प्लाय लावायची गरज नाही. सिंकखाली मात्र कंजुषी नको.

ग्रॅनाइटचा दर विचारला की फक्त दगडाचा सांगतात. कडेचं मोल्डिंग, सिंक आणि शेगडीसाठीचं कटिंग, हे नंतर बिलात दिसतं.

आणि काही खर्च तुमच्या पत्त्यावर ठरतात. लिफ्ट नसेल तर हमाली मजल्यागणिक वाढते. राडारोडा न्यायला टेम्पो लागतो. आमच्या सोसायटीत दुपारी 1 ते 4 ठोकाठोकी बंद (पुणं आहे शेवटी!), आणि मिस्त्री रोजावर असेल तर ते तीन तासही तुमच्याच खिशातून. दिवाळीआधी सगळ्यांनाच काम उरकायचं असतं, तेव्हा दर कमी करून मागायची सोय नसते. आमचे सुतार राजस्थानचे, ते सणाला गावी गेले की काम थांबलंच.

एवढं करूनही बजेट फाटलं. टाइल्स काढल्या तर आतला जुना लोखंडी पाइप गंजलेला. नवीन सीपीव्हीसी लाइन, वॉटरप्रूफिंग, ओव्हनसाठी 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट: 31,000 रुपये, एकाही कोटेशनमध्ये नसलेले. कारण भिंतीच्या आत कोणी बघितलंच नव्हतं. घर जुनं असेल तर आधी प्लंबर बोलवा, दारांचा रंग नंतर निवडा. मी नेमकं उलटं केलं.

पैसे आणायचे कुठून? वरची कपाटं रद्द केली. आईला सांगताना जीवावर आलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं. माझा हात कुठे पोचणार होता तिथे?"

तुमच्या गावात ओट्याला फुटाचा दर काय चाललाय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.