एका फोल्डरची वीस वर्षं

8 जानेवारी 2024 रोजी खुला कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने सबव्हर्जनची वाट, म्हणजे तिथला साठा सबव्हर्जन या जुन्या साधनाने उतरवण्याची सोय, बंद केली. वर्षभर आधी तशी सूचना दिली होती, त्यामुळे कुणाला धक्का बसला नाही. रोज कोड लिहिणाऱ्यांना ती बातमी किरकोळ वाटली असेल. पण अख्खी रिपॉझिटरी, म्हणजे एखाद्या प्रकल्पाच्या फाइलींचा पूर्ण साठा, न उतरवता तिच्यातलं एकच फोल्डर घेणाऱ्यांसाठी ती वाट जवळपास चौदा वर्षं चालू होती. त्याच्या वीस वर्षं आधी, फेब्रुवारी 2004 मध्ये, सबव्हर्जनची पहिली पूर्ण आवृत्ती आली होती. ‘हवं तेवढंच घेणं’ या साध्या सोयीचं या दोन तारखांच्या मधल्या काळात काय झालं, ते तालुक्याच्या गावातून पाहिलं की वेगळं दिसतं.

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावात बसून एखाद्याला रिपॉझिटरीतलं फोल्डर कशाला लागावं? आमच्याकडे ते लागतं नकाशासाठी. तालुक्यात नवेगाव खैरीचं धरण आहे, पेंचचे कालवे आहेत, पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. कालवा कोणत्या गावावरून जातो, जंगलाची हद्द कुठल्या शिवाराला लागते, हे शाळेच्या प्रकल्पात लागतं आणि गावाच्या आराखड्यातही लागतं. भारतातल्या खुल्या माहितीसाठी झटणाऱ्या डेटामीट या गटाने देशाचे नकाशे गिटहबवर ठेवले आहेत. त्यात देश, राज्यं, जिल्हे, विधानसभा आणि लोकसभा मतदारसंघ अशी वेगवेगळी फोल्डरं आहेत. आपल्याला त्यातलं जिल्ह्यांचं फोल्डर हवं असतं, आणि त्याच्याही आतलं 2011 च्या जनगणनेचं.

एकेक फाइल उतरवली तर काय बिघडतं, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. नकाशाची ‘शेपफाइल’ नावाला एक असली तरी असते अनेक फाइलींची. ‘एसएचपी’ फाइलीत सीमारेषा असतात, ‘एसएचएक्स’मध्ये त्या रेषांची अनुक्रमणिका, ‘डीबीएफ’मध्ये नावांचा तक्ता आणि ‘पीआरजे’मध्ये नकाशा पृथ्वीवर नेमका कसा बसवायचा त्याची माहिती. ‘डीबीएफ’ राहिली तर सीमा दिसतात, पण कोणता जिल्हा कुठला ते कळत नाही. ‘पीआरजे’ राहिली तर नकाशा भलत्याच जागी बसू शकतो. त्यातच फाइलीच्या नावावर उजवं क्लिक करून ‘सेव्ह’ केलं, तर खऱ्या फाइलीऐवजी ती दाखवणारं वेबपान उतरतं, आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर ते उघडायला नकार देतं. नवशिक्या पोरांचा अर्धा दिवस इथेच जातो. म्हणून फोल्डर अख्खं लागतं, आणि तेवढंच लागतं.

जुन्या काळात ही अडचण नव्हतीच. कोडच्या आवृत्त्या सांभाळायला 1990 च्या दशकात सीव्हीएस हे साधन चालायचं, नंतर सबव्हर्जन आलं. दोन्हींत सगळा साठा एका मध्यवर्ती सर्व्हरवर असे आणि आपण त्यातलं हवं ते मागायचं. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक फोल्डरला स्वतःचा पत्ता होता. तो पत्ता देऊन ‘एक्स्पोर्ट’ म्हटलं की तेवढंच फोल्डर, इतिहासाचं ओझं न घेता, आपल्या संगणकावर यायचं. तेव्हा खेड्यापाड्यांत नेट नीट पोचलंही नव्हतं, पण सोय मात्र जणू कमी नेटवाल्यासाठीच केलेली होती.

एप्रिल 2005 मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट हे आवृत्त्या सांभाळणारं नवं साधन लिहायला घेतलं. लिनक्सच्या गाभ्यावर जगभरातले अनेक लोक काम करत होते, आणि त्यांना सर्व्हरवर विसंबून न राहता काम करायचं होतं. म्हणून गिटने प्रत्येकाच्या हाती पूर्ण प्रत दिली, आरंभापासूनच्या इतिहासासकट. गिटमधली प्रत्येक नोंद ही संपूर्ण साठ्याची त्या क्षणाची नोंद असते. एकट्या फोल्डरचा वेगळा इतिहास गिट ठेवतच नाही. याचा फायदा मोठा होता. नेट नसताना काम करता येई आणि एक सर्व्हर बुडाला तरी काही हरवत नसे. तोटा एवढाच, की पावशेर साखर हवी असली तरी पोतं उचलावं लागे.

2008 मध्ये गिटहब सुरू झालं आणि पाहता पाहता जगाचा खुला कोड तिथे गोळा झाला. गुगल कोडसारखी जुनी ठिकाणं 2016 पर्यंत बंदही पडली. गिटहबवर संपूर्ण रिपॉझिटरीची झिप उतरवायचं बटण होतं, पण फोल्डरसाठी बटण नव्हतं. त्या झिपची गोम तालुक्यात राहणाऱ्यालाच कळते. ती मागणी आल्यावर तयार होते, त्यामुळे एकूण किती एमबी उतरायचे आहेत हे ब्राउझर बहुधा सांगत नाही, आणि मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. ‘गिट क्लोन’, म्हणजे गिटने पूर्ण प्रत उतरवणं, हेही अर्ध्यात तुटलं तर उरलेलं पुढून सुरू करता येत नाही. ज्याच्याकडे ब्रॉडबँड पक्कं आहे, त्याला हे दोष दिसतही नाहीत. टूजीवर किंवा पावसाळ्यात धडपडणाऱ्या लाइनवर काम करणाऱ्याला मात्र शंभर एमबींचा साठा म्हणजे साठाच नसल्यासारखा.

या काळात कामी आली ती गिटहबची सबव्हर्जनची वाट. 1 एप्रिल 2010 रोजी गिटहबने जाहीर केलं, की आमच्या गिट रिपॉझिटरी सबव्हर्जनमधूनही वाचता येतील. तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली, पण सोय खरी होती. फोल्डरच्या पत्त्यातलं ‘ट्री/मास्टर’ काढायचं, तिथे ‘ट्रंक’ लिहायचं आणि ‘एसव्हीएन एक्स्पोर्ट’ चालवायचं. हवं ते फोल्डर उतरायचं, बाकी काही नाही. ही युक्ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती, एकाने दुसऱ्याला सांगून ती पसरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गिटच्या 1.7 आवृत्तीत ‘स्पार्स चेकआउट’ आलं होतं. पण त्याने फक्त संगणकावर मांडली जाणारी फोल्डरं कमी व्हायची. नेटवरून माल तरीही सगळाच यायचा.

मग हौशी लोकांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. ‘डाउनगिट’ आणि ‘डाउनलोड डिरेक्टरी’ ही पानं त्यातलीच. त्यांना फोल्डरचा पत्ता दिला की ती आतल्या फाइली एकेक करून मागवतात आणि झिप बांधून हाती देतात. विनामूल्य, कुणाच्या तरी स्वतःच्या वेळातून झालेलं हे काम आहे, आणि त्याचे उपकार मोठे आहेत. मर्यादा इतकीच, की ओळख न देता गिटहबच्या यंत्रणेकडे तासाला साठच विनंत्या करता येतात. त्यामुळे एका नेटवर्कवर बसलेल्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकदम प्रयत्न केला, तर शेवटच्यांच्या हाती काही लागत नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि गावोगावी हातात डेटा आला. अडचण कमी झाली, पण मिटली नाही, कारण दिवसाचा डेटा मोजूनच मिळतो आणि रिपॉझिटरीही दरवर्षी फुगतच जातात. खरा बदल आला तो दुसरीकडून. 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सगळा कोड गिटमध्ये आणला. सुमारे 35 लाख फाइली, 300 जीबींचा साठा. एवढं ओझं मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनाही उचलेना. त्यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांच्या नडीतून गिटमध्ये अर्धवट क्लोनची सोय आली. तिची सुरुवात 2018 च्या 2.17 आवृत्तीत झाली, आणि जानेवारी 2020 मध्ये 2.25 आवृत्तीत ‘स्पार्स चेकआउट’ ही स्वतंत्र, सोपी आज्ञा मिळाली. आता क्लोन करताना ‘फिल्टर’ आणि ‘स्पार्स’ हे पर्याय द्यायचे, मग ‘स्पार्स चेकआउट सेट’ म्हणून फोल्डरचं नाव सांगायचं. ‘डेप्थ एक’ जोडलं तर जुना इतिहासही येत नाही. नेटवरून आता खरोखरच जवळजवळ तेवढंच येतं, जेवढं मागितलं.

ज्याला आज्ञा चालवायच्या नाहीत, त्याच्यासाठीही दोन दारं उघडली. गिटहबसारख्याच गिटलॅब या संकेतस्थळाने 2019 मध्ये एकट्या फोल्डरची झिप द्यायला सुरुवात केली. गिटहबने ऑगस्ट 2021 मध्ये ब्राउझरमधला संपादक आणला. रिपॉझिटरीच्या पानावर टिंबाची कळ दाबली की तो उघडतो, आणि क्रोममध्ये तिथल्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ते उतरवता येतं.

हा सगळा काळ मागे वळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. हवं तेवढंच मिळावं ही गरज लहान गावातल्या, मोजक्या डेटावर शिकणाऱ्या मुलांची पहिल्यापासून होती. ती कुणी ऐकली नाही. तीच गरज तीनशे जीबींचं ओझं वाहणाऱ्या कंपनीला भासली, तेव्हा ती गिटच्या गाभ्यात शिरली. सोय झाली याचा आनंद आहेच. पण आपली गरज आपण स्वतः मांडली नाही, तर ती दुसऱ्याच्या सवडीनेच भागते, हेही या वीस वर्षांनी शिकवलं.

म्हणून मराठीत काही खुलं ठेवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. तुम्ही गावांचे नकाशे ठेवा, शब्दसंग्रह ठेवा, फाँट ठेवा किंवा शाळेचं साहित्य ठेवा, पण सगळं एकाच गठ्ठ्यात कोंबू नका. जिल्हावार, विषयवार लहान रिपॉझिटरी करा. एकत्रच ठेवायचं असेल तर गिटहबच्या ‘रिलीज’ विभागात प्रत्येक भागाची वेगळी झिप चढवा. त्या झिपचं आकारमान आधी दिसतं आणि तुटलेलं डाउनलोड बहुधा पुढे चालूही करता येतं. माहितीच्या पानावर किती एमबी आहे आणि कोणत्या फाइली एकत्र लागतात, हे चार ओळींत मराठीत लिहा. तुमचं यात जेमतेम एक संध्याकाळ जाईल, आणि पारशिवनीतल्या मुलीला तिच्या तालुक्याचा नकाशा तिच्या त्या दिवसाच्या डेटात उघडता येईल.