घरच्या लग्नाचे कपडे घरीं शिवतांना

लग्नाची तिथि एकदां ठरली म्हणजे ती हलत नाहीं. शिंप्यानें दिलेली तारीख मात्र हलते. यांत शिंप्याचा दोष फारसा नसतो. लग्नसराईंत आळींतल्या सगळ्या घरांचे कपडे त्याच दोन हातांखालून जावयाचे असतात, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलें काम अगोदर हवें असतें. अशा वेळीं घरांतील एखादी मुलगी म्हणते, "ताईच्या लग्नांत घालायचें पोलकें मी स्वतः शिवीन," आणि घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष कौतुक करतो. दुसरा हळूच म्हणतो, "एवढें महागाचें कापड बिघडलें तर?" मला आज या दुसऱ्या पक्षाशीं बोलावयाचें आहे, कारण त्यांची भीति खोटी नाहीं. कापलेलें कापड पुन्हां जुळत नाहीं. परंतु ती भीति कात्री चालविण्याच्या एका क्षणाची आहे. त्या क्षणापूर्वीं करावयाच्या गोष्टी नीट झाल्या असल्या, तर ती बरीचशी उरत नाहीं.

शिवणकामावर शाळामास्तरानें कां बोलावें, असें कोणास वाटेल. याचें उत्तर इतकेंच कीं, या विद्येचा अर्धा भाग सुईचा असला तरी उरलेला अर्धा त्रैराशिकाचा आणि भूमितीचा आहे. मोजून आंखून कापड कापण्याला आपण 'बेतणें' म्हणतों. बेत करणें आणि कापड बेतणें हे शब्द भाषेंत उगीच शेजारीं बसलेले नाहींत.

आपल्या जुन्या पोशाखांत शिवलेलें वस्त्र थोडेंच होतें. लुगडें, धोतर, उपरणें, शेला हीं मागावरून उतरलीं तशींच अंगावर यावयाचीं. शिवावयाची ती चोळी. आणि तीही पुष्कळ घरांतून बायका खण आणून हातानेंच शिवीत. बागलकोट जिल्ह्यांतील गुळेदगुड्डचा खण त्यासाठीं महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. बाळाचीं झबलींटोपडीं, कुंची, गोधडी हें सारें घरचेंच काम. म्हणजे धावदोरा आपल्या घरांना परका कधींच नव्हता. पुढें १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन उभें राहिलें, तेव्हां तेथें मोठ्या वयाच्या स्त्रियांस अक्षरओळखीबरोबर शिवणही शिकवूं लागले. ज्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून दिवस काढावे लागत होते, त्यांच्या हातीं त्या सुईनें कांहीं दिलें, हें विसरून चालणार नाहीं.

यंत्राची हकीकत थोडक्यांत सांगतों. फ्रान्समध्यें तिमोनिये नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें. आपला धंदा बुडेल या भयानें इतर शिंप्यांनीं पुढें त्याचीं यंत्रें फोडून टाकलीं. अमेरिकेंत एलायस हाव यानें १८४६ सालीं आणि आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं आपापलीं पेटंटें मिळविलीं. यंत्रांविषयीं एरवीं कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीं १९२४ सालच्या एका संभाषणांत या सिंगरच्या यंत्राचा मात्र अपवाद केला होता. यंत्राची खुबी सुईच्या नेढ्यांत आहे. हातसुईचें नेढें मागच्या टोंकाला असतें, यंत्राच्या सुईचें टोंकाजवळ. त्यामुळें सुई पूर्ण आरपार न जातां फक्त दोऱ्याचा फांस खालीं नेते. खालच्या बॉबिनचा दोरा त्या फांसांत अडकतो, आणि दोघांची गांठ कापडाच्या पोटांत बसते. टीप खालून सैल, गुंतवळ्यासारखी दिसली तर वरचा दोरा ढिला आहे असें समजावें. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसूं लागले तर वरचा ताण जास्त झाला. बहुतेक लोक खालीं गुंता दिसला म्हणजे खालचें बॉबिन काढून बसतात, आणि दोष असतो वर!

आतां मुख्य प्रश्न: घरीं काय शिवावें? माझें मत स्पष्ट आहे. मुलींचे परकर-पोलकीं, लहान मुलाचा सदरा, बायकांचीं साधीं पोलकीं हीं घरीं अवश्य शिवावीं. नवऱ्या मुलाचा कोट शिंप्याकडेच द्यावा. त्याच्या आंतलें कॅनव्हास आणि इस्त्री यांची करामत घरांतल्या मेजावर साधत नाहीं. वधूचें शालूवरचें पोलकें ज्या हातानें आधीं निदान तीन पोलकीं शिवलीं आहेत, त्याच हातानें शिवावें.

परकराचा हिशेब पाहूं. एक सहा वारी साडी घ्या. लांबी २१६ इंच, पन्हा ४५ इंच. दहा वर्षांच्या मुलीला परकराची उंची ३० इंच लागते असें धरूं. साडीचा खालचा काठ हाच परकराचा काठ, म्हणून तळाशीं दुमड नको. वर नेफ्यासाठीं २ इंच. मुलगी वाढती आहे, म्हणून काठाच्या वर एक-एक इंच रुंदीचे दोन आडवे टक घालावे; प्रत्येक टक दुहेरी कापड खातो, तेव्हां त्यांचे ४ इंच. एकूण ३६ इंच झाले. पन्ह्यांतून ९ इंचांची पट्टी उरली, तिला साडीचा दुसरा काठ आहे. त्या पट्टींतून पोलक्याच्या काठाच्या बाह्या निघतात. घेर ७२ इंच धरला तर दोघी बहिणींच्या परकरांना १४४ इंच लागतात, आणि उरलेल्या दोन वारांत पदर सोडूनही दोघींच्या पोलक्यांचें पुढचें-मागचें अंग बसतें. एका साडींत दोन जोड! पुढल्या वर्षीं एक टक उसवला कीं परकर दोन इंच उतरतो, आणि थोरलीला आंखूड झाला म्हणजे धाकटीला येतो.

कापड दुकानांत मीटरनें मिळतें, आणि घरांतली मोजफीत इंचांची. दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला, तरी शिंप्याच्या जिभेवर छाती आणि कंबर इंचांतच राहिली. मीटर म्हणजे वार नव्हे. दोन मीटरचे पावणेएकोणऐंशी इंच होतात, म्हणजे दोन वारांहून पावणेसात इंच अधिक. एवढ्यांत एक बाही निघते. दुकानांत जाण्यापूर्वीं कागदावर बेत आंखून नेल्यास पैसे वांचतात.

सुती कापड आणि विशेषतः अस्तर रात्रभर पाण्यांत भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावें. नव्या कापडांतले धागे मागावर ताणलेले असतात. पाणी लागतांच ते आपल्या मूळच्या लांबीकडे परततात. अस्तर न भिजवतां रेशमाखालीं लावलें, तर पहिल्या धुण्यांत तें आंखडतें आणि वरचें रेशीम फुगून चुण्या पडतात. रेशीम मात्र भिजवूं नये.

आजीच्या पैठणीचा विषय निघतोच. पैठणच्या आणि येवल्याच्या मागांवर पदराची नक्षी सुटे रंगीत धागे हातानें गुंफून विणतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनीं सारखी दिसते. असें वस्त्र धडधाकट असेल तर त्याला कात्री लावूं नये, असें मी स्वच्छ सांगतों. नेसतां येतें तोंवर तें नेसावें. परंतु वर्षानुवर्षें एकाच घडीवर ठेवलेलें रेशीम त्या घडीवरच विरतें. दोन्ही हातांनीं हलकेंच ताणून पाहावें. घडी-घडीवर फाटूं लागलें असेल, तर ट्रंकेंत तें आणखी फाटण्यापेक्षां त्याचा काठ नातीच्या बाह्यांवर मिरवलेला बरा. मात्र घरांतल्या वडील माणसांना विचारल्यावांचून हें करूं नये. पुष्कळदां पैठणी कापण्याला हरकत नसते, न विचारण्याला असते.

आतां त्या कात्रीच्या क्षणाकडे येऊं. मापें घेण्यापेक्षां अंगाला नीट बसणारें एक जुनें पोलकें उसवून त्याचे तुकडे कागदावर ठेवून आंखणें सोपें. मग तो नमुना प्रथम मांजरपाटावर कापावा. दीड वार स्वस्त कापड येथें खर्चलें म्हणजे महागाचें निर्धास्त कापतां येतें. रेशमावर तर हें अवश्यच, कारण रेशमांत घातलेली टीप उसवली तरी सुईचीं भोंकें राहतात. टांचण्यादेखील शिवणीच्या आंतल्या बाजूसच लावाव्या. सुई नवी आणि बारीक, नऊ किंवा अकरा नंबरची असावी.

मांजरपाटाचें पोलकें कच्च्या टाक्यांवर घालून मुलीला आरशासमोर नुसतें उभें करूं नका. लग्नांत कोणी उभेंच राहात नाहीं. तिला अक्षता टाकल्यासारखा हात वर करावयास सांगा, पंगतींत बसल्यासारखी मांडी घालावयास सांगा, वडिलांना वांकून नमस्कार करावयास सांगा. बहुतेक पोलकीं पहिल्याच परीक्षेंत नापास होतात. हात वर केला कीं सगळें पोलकें वर चढतें. मग शिवणारी काय करते? मुंढा लहान झाला असें समजून तो आणखी खोल कापते. दुसऱ्या वेळीं पोलकें अधिकच चढतें. याचें कारण भूमितीचें आहे. मुंढा जितका खालीं, तितकें बगल आणि बाहीची शिवण यांतलें अंतर मोठें. हात उचलला म्हणजे तें अंतर भरून काढण्यास बाहीजवळ कापड नसतें. म्हणून ती कमरेकडचें कापड ओढून घेते. मुंढा बगलेपासून एक बोट खालीं असला, तर हात वर जातो आणि पोलकें जागच्या जागीं राहतें. कांचत असेल तर मुंढा न कापतां बगलेखालच्या शिवणींतलें कापड थोडें छाटावें आणि वळणावर बारीक खांचा द्याव्या; कांचतें तें पुष्कळदां तेंच. ही एक गोष्ट ज्या मुलीला कळली, तिला बाजारांतला कोणताही आयता कपडा पाहून तो कां त्रास देतो हें सांगतां येतें.

शिवणीच्या आंत जें जास्त कापड ठेवतात, त्याला आपण 'माया' म्हणतों. आयत्या कपड्यांत ती कमी असते, कारण हजारों कपड्यांत अर्ध्या-अर्ध्या इंचाची बचत कारखान्याला मोठी होते. घरच्या कपड्यांत ती भरपूर ठेवावी. दोन्ही बगलांच्या शिवणींत प्रत्येक कडेला एक इंच माया ठेवली, तर कडा चार. म्हणजे पोलकें पुढें तीन इंचांपर्यंत सुखानें वाढवितां येतें. उलट, लग्नाच्या धांदलींत नवरी मुलगी बहुधा वाळते, म्हणून तिची शेवटची टीप आठ दिवस आधीं पुन्हां माप घेऊन घालावी.

गळ्याची पट्टी सरळ कापूं नये. कापड धाग्याच्या दिशेनें ताणत नाहीं, कोनाकोनीं ताणतें. रुमाल हातांत धरून पाहिल्यास लहान मुलालाही हें कळेल. गळा वाटोळा, म्हणून त्याला कोनाकोनीं कापलेली पट्टीच चुणी न पडतां बसते. अठरा इंचांच्या चौकोनी तुकड्याचें क्षेत्रफळ ३२४ चौरस इंच. दीड इंच रुंदीची पट्टी काढल्यास सुमारें २१६ इंच, म्हणजे सहा वार पट्टी निघते. जोडांत थोडी जाते तेवढीच. एवढ्यांत घरांतल्या सगळ्यांचे गळे होतात.

हळदीच्या दिवसाचे कपडे वेगळे असावे, आणि ते सुती व पिंवळ्या रंगाचेच शिवावे. हळदीच्या डागावर साबण घातला कीं तो लाल होतो, आणि घाबरून बायका आणखी साबण चोळतात. भरपूर पाण्यानें धुवून कडक उन्हांत वाळत घातल्यास तो हळूहळू उडतो. रेशमाला तो दिवस दाखवूंच नये.

शिवण आटोपल्यावर प्रत्येक कपड्याच्या उरलेल्या दोऱ्याचें एक लहान रीळ, चार हूक, दोन बटणें, सुया, लहान कात्री आणि मूठभर सेफ्टी पिना एका बटव्यांत घालून तो बटवा लग्नघरीं न्यावा. उरलेल्या काठाच्या तुकड्यांतून बटवाही घरींच होतो. तो कोणाच्या स्वाधीन करावयाचा हें आदल्या रात्रीं ठरवावें. वधूच्या आईच्या स्वाधीन करूं नये. ऐन मुहूर्ताच्या वेळीं ती सांपडत नाहीं.