संगणकाचे कामगार

मुलांनो, परीक्षा चालू असताना शिपाई तुमच्या वर्गात झाडलोट करायला येत नाही. तो दुसऱ्या खोल्या झाडतो. संगणकातही अशीच व्यवस्था करता येते.

आजच्या संगणकात चार, आठ किंवा अधिक प्रोसेसर असतात. कोणते काम कोणत्या प्रोसेसरने करायचे, हे कर्नल ठरवतो. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली असा एक कर्नल तयार केला. त्याचे नाव लिनक्स.

कर्नलच्या हाताखाली अनेक कामगार असतात. ते किरकोळ कामे करतात. समजा, एका प्रोसेसरकडे कारखान्यातील यंत्र सोपवले आहे. तेथे मध्येच एखादा कामगार आला, तर यंत्राला आज्ञा उशिरा मिळते आणि माल बिघडतो.

२०१५ साली लिनक्समध्ये एक सोय झाली. मोकळ्या कामगारांनी कोणत्या प्रोसेसरांवर काम करायचे, त्यांची एकच यादी देता येऊ लागली. यंत्राचा प्रोसेसर त्या यादीतून वगळला, की हे कामगार तिकडे फिरकत नाहीत. काही कामगार मात्र एकाच प्रोसेसरशी बांधलेले असतात. त्यांना ही यादी लागू होत नाही.

यादी फार लहान केली, तर थोड्या प्रोसेसरांवर गर्दी होते आणि कामे रेंगाळतात. म्हणून ती विचार करूनच करावी लागते.