अंगणातला शिंजीर

अमेरिकेत पुष्कळ घरी एक प्रघात आहे. अंगणात तांबड्या रंगाची बाटली टांगावयाची, तीत साखरेचे पाणी भरावयाचे, आणि हमिंगबर्ड नावाचे चिमुकले पाखरू ते पिताना खिडकीतून पाहावयाचे. अशा बाटल्या आता आपल्याकडेही विकत मिळतात. तेव्हा भंडाऱ्याच्या अंगणात त्या टांगाव्यात काय, याचा विचार करू.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो. आपल्याकडे त्याच्या जागी शिंजीर आहे. त्यालाच सूर्यपक्षी म्हणतात. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, चोच बारीक व बाकदार. विणीच्या दिवसांत नर काळा दिसतो, पण ऊन पडताच जांभळा-निळा झळकतो. मादी वरून मळकट हिरवी, पोटाशी पिवळसर. या दोघांत नाते नाही: हमिंगबर्ड पाकोळीच्या कुळाजवळचा, तर शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या गणातला. दोन मुलखांतले कारागीर एकच धंदा करू लागले की त्यांची हत्यारेही सारखी होतात, तसेच हे घडले आहे. फरक इतकाच की हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून पितो.

फाल्गुनात पळस फुलला की शिंजीर त्यावर राबताना दिसतो. मध पिताना परागकण अंगाला लागतात, ते दुसऱ्या फुलावर पोचतात आणि पळसाला शेंगा धरतात. मध ही त्याची मजुरीच होय. जास्वंदीवर मात्र तो पुष्कळदा फुलाच्या बुडाशी भोक पाडून, काम न करताच मजुरी उचलतो!

आता बाटलीकडे वळू. एक भाग साखर आणि चार भाग पाणी, असे तिचे प्रमाण आहे. रंग घालू नये, मधही घालू नये; मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. आपल्या वैशाखात हे पाणी झपाट्याने आंबते, म्हणून बाटली रोज धुवावी लागते. घरची मंडळी चार दिवस लग्नाला गेली, तर आंबलेले पाणी पाखराच्या नशिबी येते.

याहून मोठी उणीव निराळी आहे. पळस ओसरला तरी शिंजिराची वीण चालूच असते. मादी झुडपाला किंवा ओसरीतल्या तारेला लोंबती पिशवी विणते, कोळ्याच्या जाळ्याने ती बांधते आणि दारावर छोटी पडवीही काढते. ती बहुधा दोन अंडी घालते व सुमारे पंधरवडा एकटीच उबवते. पिलांना दोघेही भरवतात, आणि भरवतात ते मुख्यतः किडे व कोळी. साखरपाण्याने पिलू वाढत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे: बाटलीआधी झाड लावा. जागा असेल तर शेवगा, केळ, डाळिंब, कुंपणाला अडुळसा. जागा दोनच हात असेल तर डब्यात जास्वंद. भांडी विसळलेले साधे पाणी तिला पुरते. झाडावर विषारी फवारा मारू नका आणि ओसरीच्या कोपऱ्यातले एखादे जळमट राहू द्या.

आम्ही कामगारवस्त्यांत हिंडणारी माणसे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईच्या डोक्यावरच घरटे लोंबावे, इतका हा पक्षी माणसाळलेला आहे. तिला बाटली घेण्याची ऐपत नसेल, पण तिच्या शेवग्यावर त्याचा संसार चालतो. आज शहरात अंगणे फरशीखाली जात आहेत आणि अशा घरांची संख्या घटते आहे. बाटली टांगणे ही खैरात होय. आपल्या आठवणीवर तिची भिस्त. झाड लावले की पाखरू आपल्या कष्टाचे खाते, आणि कोणाच्या दयेवर राहत नाही.