जुन्या एअर पिस्तुलाची नळी बदलताय? पैसे देण्याआधी एवढं तपासा

इस्लामपूर : राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्य आणलं. दोघंही आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. अशा बातम्या वाचल्या की आपल्याही पोराला-पोरीला नेमबाजीला घालावं, असं घरात वाटतं. सुरुवात बहुतेकांची १० मीटर एअर पिस्तुलानं होते.

पण स्पर्धेचं नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढं जातं. मग उसाच्या बिलातून बाजूला काढलेल्या पैशात जुनं, वापरलेलं पिस्तूल घेतलं जातं. थोड्या दिवसांनी छर्रे इकडं-तिकडं लागायला लागले की कुणीतरी सांगतं, "नळी गेली, दुसरी बसवा." इथंच पैसे अडकतात.

खरंच नळी खराब आहे का?

एअर पिस्तुलाचा छर्रा मऊ शिशाचा असतो आणि वेगही बेताचा, त्यामुळं पोलादी नळी सहसा लवकर झिजत नाही. दोष बऱ्याचदा दुसरीकडंच निघतो. म्हणून आधी या गोष्टी करा :

- नळी साफ करा. नळीसाठी मिळणाऱ्या नमद्याच्या बोळ्या वापरा, लोखंडी तार घालू नका.
- छर्रे बदलून बघा. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप लिहिलेलं असतं. एका नळीला एक माप मानवतं, दुसऱ्या नळीला दुसरं.
- साईटचे आणि नळीचे स्क्रू ढिले आहेत का, ते हातानं बघा.
- प्रशिक्षकांसमोर रेंजवरच पिस्तूल शिकंज्यात धरून पाच छर्रे मारा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं असतं. शिकंज्यातून पाचही छर्रे त्याच्या आत पडले, तर नळी चांगली आहे. मग सुधारणा हाताची करायची, पिस्तुलाची नाही.

दिसायला सारखी, पण बसेल का?

ट्रॅक्टरचं बेअरिंग आणताना आपण आकार नाही, नंबर बघतो. इथंही तसंच आहे. स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाईनवेर्कबाऊ, पार्दिनी या कंपन्यांच्या नळ्या एकमेकींना चालत नाहीत. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलमध्येही फरक असतो. म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव आणि पिस्तुलावरचा क्रमांक दुकानदाराला कळवूनच नळी मागवा.

चार जागा बघाव्या लागतात. नळी जिथं पकडली जाते तिथली जाडी, सिलिंडरमधली हवा नळीत शिरते ते भोक, तिथली रबरी ओ-रिंग आणि पुढची साईट बसायची जागा. भोक केसभर जरी सरकलं तरी हवा अडते आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा येतो. ओ-रिंग नीट बसली नाही तर हवा गळते. "जरा घासून बसवतो" असं कुणी म्हणालं, तर पिस्तूल तिथून उचला.

सिलिंडरशी खेळ नको

मोटारसायकलच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. एअर पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये २०० बार, म्हणजे शंभरपट. त्यामुळं एका पिस्तुलाचं सिलिंडर दुसऱ्याला आटे जुळवून बसवायचा प्रयत्न करू नका. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं ते वापरता येतं. जुनं पिस्तूल घेताना ही तारीख पहिली बघा. त्यात ऑक्सिजन कधीही भरू नका. नळीला हात लावण्याआधी सिलिंडर काढा आणि आत छर्रा नाही याची खात्री करा.

बदलल्यावर मोजमाप

नियमाप्रमाणं पिस्तुलाचं सगळं मिळून वजन १,५०० ग्रॅमपर्यंत चालतं. ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम लागतो. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. लांब नळी किंवा जड तोंडपट्टी बसवली आणि माप चुकलं, तर पोरगं स्पर्धेच्या दारातच अडकतं.

एका लहान भागामुळं काय होतं, ते टोकियोत दिसलं. २५ जुलै २०२१ ला १० मीटर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर मोडला. दुरुस्तीत सुमारे १७ मिनिटं गेली. ६० छर्ऱ्यांना वेळ ७५ मिनिटंच असतो. ५७५ गुणांवर ती बाराव्या जागी राहिली, अंतिम फेरी २ गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं याच प्रकारात कांस्य मिळवलं.

एअरसॉफ्टचं वेगळं

मोबाईलवर दिसणारी एअरसॉफ्ट पिस्तुलं ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी मारतात. त्यात बाहेरची नळी दिखाऊ आणि आत पातळ दुसरी नळी असते. आतली नळी बदलताना लांबी, तिच्यावरची खाच आणि गोळीला फिरकी देणारं रबर, तिन्ही जुळावी लागतात. हे भाग एअर पिस्तुलाला चालत नाहीत. शिवाय ही पिस्तुलं खऱ्यासारखी दिसतात. जत्रेत, एसटी स्टँडवर कमरेला लावून फिरलात तर पोलीस खरंच समजणार.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर एअरगनलाही परवाना लागतो. स्पर्धेचं एअर पिस्तूल ६ ज्यूलच्या आसपास असतं, ते यात येत नाही. पण मोठ्या व्यासाची नळी घातली की गोष्ट बदलते. एअरसॉफ्टचा व्यासही ६ मिलिमीटर आहे, म्हणून घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. पिस्तूल असो वा सुटा भाग, पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा.

थोडक्यात क्रम असा : आधी साफसफाई, मग छर्रे, मग शिकंज्यातली चाचणी आणि शेवटी नळी. बऱ्याच वेळा नळीपर्यंत जायची पाळीच येत नाही. वाचलेल्या पैशात पोराला वर्षभराचे छर्रे येतील.