यकृतरोपण : कोणासाठी आणि केव्हा?

ऑक्टोबर २०१५ मध्ये इंदूर शहराने आपला पहिला 'हरितमार्ग' पाहिला. मेंदूमृत घोषित झालेल्या एका दात्याचे यकृत रुग्णालयातून निघाले, देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापर्यंतची रहदारी त्याच्यासाठी थोपवून धरण्यात आली आणि विमानाने ते दिल्लीजवळच्या गुरगावला रवाना झाले. त्यानंतर होळकरांच्या या नगरीत असे मार्ग अनेकदा मोकळे झाले. रस्ता मोकळा करणे एकवेळ सोपे. परंतु ते यकृत कोणाच्या शरीरात जावे हे ठरविणे फार कठीण. त्यातही मागणारा रुग्ण यकृताच्या कर्करोगाने पीडित असेल, तर हा निर्णय अधिकच बिकट होतो.

मुळात कर्करोगात यकृत बदलावयाचेच कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. गाठ आहे तेवढा भाग कापून काढला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु यकृताचा कर्करोग बहुधा निरोगी यकृतात उद्भवत नाही. 'ब' किंवा 'क' प्रकारची कावीळ, दीर्घकाळचे मद्यपान, अथवा यकृतात साचलेली चरबी यांनी यकृत वर्षानुवर्षे झिजते, व्रणांनी भरून कठीण होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. अशा यकृतातून मोठा तुकडा कापला, तर उरलेला भाग शरीराचा भार पेलू शकत नाही; आणि पेललाच, तरी त्याच रोगट भूमीत नवी गाठ उगवण्याचा संभव राहतो. प्रत्यारोपणाने गाठही जाते आणि ती उगवणारी भूमीही जाते. या उपचाराचे आकर्षण आहे ते यामुळेच.

परंतु यात एक धोका दडलेला आहे. परके यकृत शरीराने स्वीकारावे म्हणून रुग्णाला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. कर्करोगाच्या काही पेशी आधीच यकृताबाहेर गेलेल्या असतील, तर याच औषधांमुळे त्यांना मोकळे रान मिळते. प्रत्यारोपणाच्या इतिहासाने हा धडा आरंभीच दिला. अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये पहिले मानवी यकृतरोपण केले; तो रुग्ण वाचला नाही. पहिले यश १९६७ मध्ये आले. ती सुमारे दीड वर्षाची मुलगी होती आणि तिला यकृताचाच कर्करोग होता. नव्या यकृतावर ती वर्षाहून अधिक काळ जगली. पुढे तिचा अंत झाला तो शरीरात पसरलेल्या मूळ कर्करोगामुळे. पुढील दोन दशकांत मोठमोठ्या गाठींच्या रुग्णांवर प्रत्यारोपणे झाली आणि पुष्कळांमध्ये रोग उलटला. यकृताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण करूच नये, असे मत बळावू लागले.

या निराशेतून वाट काढली ती इटलीतील मिलान येथील डॉ. विन्चेन्झो माझ्झाफेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी १९९६ मध्ये अवघ्या ४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांची अट साधी होती : गाठ एकच असेल तर ती ५ सेंटिमीटरांहून मोठी नसावी; अधिक असतील तर त्या तीनपेक्षा जास्त नसाव्यात व प्रत्येक ३ सेंटिमीटरांच्या आत असावी; रोगाने मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरकाव केलेला नसावा आणि तो यकृताबाहेर गेलेला नसावा. या रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के चार वर्षांनंतर हयात होते. काढलेल्या यकृताच्या तपासणीतही ज्यांचा रोग मर्यादेत आढळला, त्यांच्यात हे प्रमाण ८५ टक्के होते. ज्यांचा रोग मर्यादेबाहेर निघाला, त्यांच्यात मात्र ते ५० टक्केच राहिले. 'मिलान निकष' या नावाने हा नियम पुढे जगभर रूढ झाला.

सेंटिमीटरांना एवढे महत्त्व का? रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म शाखांत पेशी शिरल्या आहेत की नाहीत, हे शस्त्रक्रियेपूर्वी दिसत नाही. गाठ जितकी मोठी आणि संख्येने जितक्या अधिक, तितका हा शिरकाव संभवनीय. म्हणजे आकार ही त्या अदृश्य प्रवासाची बाहेरून दिसणारी खूण होय. परंतु खूण ती खूणच. ५ सेंटिमीटरांची गाठ निरुपद्रवी आणि साडेपाचाची घातक, असे निसर्ग मानीत नाही. म्हणून सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यांनी २००१ मध्ये मर्यादा थोडी वाढविली : एकच गाठ साडेसहा सेंटिमीटरांपर्यंत, किंवा तीन गाठी, त्यांतील सर्वांत मोठी साडेचार आणि सर्वांची बेरीज ८ सेंटिमीटरांच्या आत.

आता केवळ मोजपट्टीवर भिस्त ठेवली जात नाही. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन हे द्रव्य गाठीच्या स्वभावाची कल्पना देते. ते मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर गाठ लहान असूनही वैद्य सावध होतात. दुसरी कसोटी काळाची. गाठीला रक्त पुरविणाऱ्या धमनीत औषध सोडून ती कोंडणे, किंवा उष्णतेने गाठ जाळणे, असे उपचार करून काही महिने वाट पाहिली जाते. गाठ आक्रसून स्थिर राहिली, तर तिचा स्वभाव सौम्य मानावयास आधार मिळतो. उपचार चालू असतानाच ती पसरली, तर प्रत्यारोपणानेही ती आवरली नसती, हे उघड होते. मर्यादेबाहेरचे जे रुग्ण अशा उपचारांना चांगला प्रतिसाद देतात, त्यांनाही प्रत्यारोपणाचा लाभ होतो, असे इटलीतीलच २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दिसून आले.

याशिवाय रुग्णाचे हृदय व फुप्फुसे शस्त्रक्रिया सोसतील का, क्षयासारखा संसर्ग दडलेला नाही ना, मद्य खरोखर सुटले आहे का, जन्मभर औषधे घेण्याची तयारी व ऐपत आहे का, हेही पाहावे लागते. ही निवड एका शल्यवैद्याच्या मर्जीवर नसते. यकृततज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ, क्षकिरणतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून ती करतात.

येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. मृत दात्याचे यकृत ही समाजाची ठेव असते. ज्याचा रोग उलटण्याचा संभव मोठा त्याला ते दिले, तर सिरॉसिसने मरणोन्मुख झालेला दुसरा रुग्ण, जो त्यावर वीस वर्षे जगला असता, वंचित राहतो. म्हणून अशा यकृताचे वाटप नियमाने व यादीनुसार व्हावे लागते. मध्य प्रदेश हा या कामी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील विभागीय केंद्राच्या कक्षेत येतो.

भारतात मात्र बहुतेक यकृतरोपणे जिवंत दात्याकडून होतात. १९९४ च्या कायद्याने व २०११ च्या दुरुस्तीने पती-पत्नी, आईबाप, मुले, भावंडे, आजीआजोबा व नातवंडे हे जवळचे नातलग ठरविले आहेत. पत्नी किंवा मुलगा स्वतःच्या यकृताचा भाग देऊ इच्छितो, यादीतील कोणाचा हक्क हिरावला जात नाही. मग निकष सैल का करू नयेत, असा युक्तिवाद होतो. त्यात तथ्य आहे आणि अनेक केंद्रे थोडी सवलत देतातही. परंतु दाता हा धडधाकट माणूस असतो. ६० किलो वजनाच्या रुग्णास साधारण ४८० ग्रॅम यकृत लागते, आणि दात्याच्या शरीरात निदान ३० टक्के तरी उरावे लागते. यकृत पुन्हा वाढते हे खरे. तथापि उजवा भाग देणाऱ्या दात्याच्या मृत्यूचा धोका हजारी दोन ते पाच इतका मानला जातो. ज्या प्रत्यारोपणातून रुग्णाला वर्षभराचेच आयुष्य लाभणार, त्यासाठी तरुण मुलाला शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपवावे काय? घरातील माणसे भावनेच्या भरात 'होय' म्हणतात. म्हणूनच 'नाही' म्हणण्याची जबाबदारी वैद्यांवर येते. असा नकार निष्ठुर वाटला, तरी तो दात्याच्या जिवाचे रक्षण करणारा असतो.

या साऱ्या विवेचनातून सामान्य माणसाने एक व्यावहारिक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. लहान गाठ दुखत नाही. पोटात दुखू लागते, वजन घटते, कावीळ दिसते, तेव्हा बहुधा निकषांची सीमा ओलांडलेली असते. म्हणून ज्यांना सिरॉसिस आहे त्यांनी, आणि 'ब' काविळीच्या ज्या रुग्णांना वैद्यांनी तसे सांगितले आहे त्यांनीही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. नवजात बालकास 'ब' काविळीची लस वेळेवर द्यावी. बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मका निःसंकोच फेकून द्यावेत; त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचे एक कारण आहे. प्रत्यारोपणासाठी रुग्णाची निवड वैद्यमंडळाच्या बैठकीत होते खरी. पण तो निवडीस पात्र राहील की नाही, हे पुष्कळदा त्या सहामाही तपासणीवरच ठरते.