चौकट : मोडा, पुन्हा घडवा

बेंगळुरूत चिकपेटजवळच्या एस. पी. रोडवरून घासाघीस करून ग्राफिक्स कार्ड आणलं, तरी अर्धवट निघालेल्या गेमवर ते औषध नाही. 'बाल्डर्स गेट ३' हा रोल-प्लेइंग गेम ६ ऑक्टोबर २०२० रोजी अपुरा असल्याचं सांगूनच विकायला आला, तोही फक्त पहिला अंक. पूर्ण गेम आला ३ ऑगस्ट २०२३ ला. त्यात विदर्स नावाच्या सांगाड्याला सोन्याची १०० नाणी दिली, की जादूगाराचा थेट लढवय्या होतो. (पूर्वी एवढे लाड नव्हते. २००० सालच्या 'डायब्लो २'मध्ये नुसते कौशल्यांचे गुण नव्याने वाटून घेण्याची सोय यायलाही २०१० उजाडलं.) 'सायबरपंक २०७७' मात्र पूर्ण म्हणून आला, पण इतका सदोष निघाला की डिसेंबर २०२० मध्ये, जेमतेम आठवड्यात, सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला. तेव्हा दुरुस्तीचे दोन-चार पॅच येऊ द्या, मगच पाकीट काढा.